क्रूझर, बापू आणि सोसायटीचा नोटीस बोर्ड

"बंदूकवाल्याच्या हातात वर माइकपण द्यायचा का? चहापण पाजा मग!" बापूंनी भडंगाचा कागद चुरगाळला आणि एकदा सगळ्यांकडे बघून घेतलं. बापूंनी असं बघितलं की भाषण सुरू होतं. "मूळ मुद्दा असा, की असा मंत्री आपल्याकडे पाहिजे होता. विद्वान आणि कणखर."

"बापू, सुहासनं टाकलेला लेख तुम्ही पूर्ण वाचला का?" शैलाताईंनी विचारलं.

"मथळा वाचला. बँकेत आयुष्यभर मथळे वाचूनच फाइली निकालात काढल्या मी."

"त्यातल्या निम्म्या परत आल्या आसतील," अण्णा म्हणाले.

आमराईच्या कडेच्या आमच्या कट्ट्यावर शनिवारी हाच विषय निघणार हे ठरलेलं होतं. सुहासची लेक डब्लिनला असते. तिनं पाठवलेला कॉनर क्रूझ ओब्रायनवरचा लेख त्यानं ग्रुपवर टाकला (आयर्लंडचा हा लेखक, तिकडं त्याला 'क्रूझर' म्हणत; मंत्री झाल्यावर त्यानं बंदूकवाल्यांच्या बाजूच्या पक्षाला रेडिओ-टीव्हीवर बोलायची बंदी घातली), खाली मकरंदनं 'इंग्रजांचा चमचा' असं लिहिलं, बापूंनी हात जोडल्याचं चित्र टाकलं, आणि तिथून जे पेटलं ते ग्रुपवरच्या सगळ्यांनी वाचलंच आहे. मी तिथं काही लिहिलं नव्हतं. पण ओब्रायन मला वर्षानुवर्षं छळत आलेला माणूस आहे, आणि कट्ट्यावर शैलाताई जे बोलल्या ते मला पटलं, म्हणून हे सगळं उतरवून ठेवतोय.

मकरंद सरसावला. वकील आहे, तिशीतला, क्रांतिकारक म्हटलं की त्याचा ऊर भरून येतो. "चमचा नाही तर काय ओ? आयर्लंडमध्ये जन्मला, आणि म्हातारपणी, १९९६ला, इंग्लंडशी जोडूनच राहायचं म्हणणाऱ्यांच्या पक्षात गेला. आपल्याकडं असल्या माणसाला काय म्हणतात?"

"शेवटाकडून सुरुवात करू नकोस," शैलाताई म्हणाल्या. त्यांनी कॉलेजात इतिहास शिकवला, आणि त्यांच्यासमोर आम्ही सगळे अजून मागच्या बाकावरचे. "त्याच्या आईच्या माहेरापासून सुरू कर. आजोबा डेव्हिड शीही, आयर्लंडला स्वराज्य मागणाऱ्या पक्षाचे खासदार. त्यांना चार मुली. थोरली हॅना, तिचा नवरा फ्रान्सिस शीही-स्केफिंग्टन. शांततावादी माणूस, बायकांच्या मताधिकारासाठी लढणारा. १९१६ला ईस्टरच्या वेळी इंग्रजांविरुद्ध उठाव झाला, त्यात त्यानं हातात काठीसुद्धा घेतली नाही. डब्लिनमध्ये लुटालूट चालली होती, ती थांबवायला रस्त्यावर उतरला. इंग्रज सैन्यानं त्याला धरलं आणि २६ एप्रिलला बराकीच्या आवारात उभं करून गोळ्या घातल्या. खटला नाही, चौकशी नाही. सरकारनं हॅनाला दहा हजार पौंड देऊ केले. तिनं घेतले नाहीत."

मकरंद म्हणाला, "हेच तर मी म्हणतोय. असल्या घरात जन्मून..."

"थांब. दुसरी मावशी मेरी. तिचा नवरा टॉम केटल. कवी, वक्ता, खासदार. आयर्लंडच्या स्वयंसेवक दलासाठी बंदुका आणायला १९१४ला बेल्जियमला गेलेला हा माणूस. तिथं जर्मनांनी काय केलं ते डोळ्यांनी बघितलं आणि इंग्रजांच्या सैन्यात भरती झाला. ९ सप्टेंबर १९१६ला पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत मेला. म्हणजे पाच महिन्यांच्या आत एकाच घरातले दोन जावई गेले. एकाला इंग्रज सैन्यानं मारलं, दुसरा इंग्रज सैन्याच्या गणवेशात मेला. पहिला देशाचा हुतात्मा झाला. दुसऱ्याचा अर्धपुतळा डब्लिनच्या बागेत बसायला १९३७ उजाडलं. आता सांग, यातला देशभक्त कोण?"

मकरंद काही बोलला नाही.

"पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात कॉनर जन्मला. दोन्ही विधवा मावश्या घरात येत-जात होत्या. कुठला मृत्यू मोठा, कुणाचा हुंदका खरा, हे त्या पोरानं दूध पिताना ऐकलंय. बाप नास्तिक, तो पोरगा दहा वर्षांचा असताना गेला. पाद्री आईच्या मागं लागले, पोराला कॅथलिक शाळेत घाला म्हणून. तिनं ऐकलं नाही. म्हणून सांगते, त्याला इंग्रजांचा चमचा म्हणणं सोपं आहे. अख्खा देश ज्या कवितांवर आणि पुतळ्यांवर डोळे पुसत होता, त्यांच्याकडं यानं वळून बघितलं आणि विचारलं, की मेलेल्यांच्या नावानं आज माणसं मारायचा हुकूम तुम्हाला दिला कुणी? आणि हे त्यानं डब्लिनमध्ये विचारलं, लोकांच्या तोंडावर."

"त्यांचा कवी येट्स, त्यानंपण विचारलं होतं की ते," सुहास म्हणाला. "माझं नाटक बघून पोरं गोळ्या खायला गेली का, असं."

"येट्सनं म्हातारपणी विचारलं, आणि कवितेत. ओब्रायननं येट्सचंही राजकारण तपासून बघितलं. उत्तर आयर्लंडनं इंग्लंडशी राहायचं की आयर्लंडशी जोडायचं, या संघर्षात साडेतीन हजार माणसं गेली रे. निम्म्याहून जास्त साधी, घरातून कामाला निघालेली माणसं. १९७२ला 'स्टेट्स ऑफ आयर्लंड' लिहिलं त्यानं. त्या वर्षी तसलं पुस्तक लिहायला छाती लागत होती. तरुणपणी हाच माणूस सरकारी नोकरीत आयर्लंडच्या फाळणीविरुद्ध प्रचार करत होता. स्वतःचीच जुनी वाक्यं त्यानं उलटी करून तपासली. असं किती जण करतात? तू केलंयस?"

"मला अजून वेळ आहे," मकरंद पुटपुटला, आणि अण्णांनी त्याच्या पाठीत एक थाप घातली.

बापूंना वाटलं मैदान आपलं झालं. "बघा! शैलाताई माझ्या बाजूला आहेत."

"मी तुमच्या बाजूला नाही बापू. तुमचा नंबर यायचाय अजून."

मध्येच सुहासनं कटांगा काढलं, आणि ते काढायलाच पाहिजे होतं. १९६१ला संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस हॅमरशोल्ड यांनी ओब्रायनला आपला प्रतिनिधी म्हणून काँगोच्या त्या फुटून निघालेल्या प्रांतात पाठवलं. तांबं, कोबाल्ट, युरेनियम असल्या खाणी, बेल्जियन कंपन्या, भाडोत्री गोरे सैनिक आणि त्यांच्या जिवावर बसलेला तिथला पुढारी चोंबे. १३ सप्टेंबरला राष्ट्रसंघाच्या फौजांनी एलिझाबेथव्हिलमध्ये पोस्ट ऑफिस आणि रेडिओ केंद्रावर हल्ला केला. त्यात पुढं होते भारतीय जवान. ओब्रायननं लगेच जाहीर केलं की कटांगाची फुटीरता संपली. ती संपलेली नव्हती. जादोव्हिलला आयरिश सैनिकांची दीडशेच्या वर माणसं वेढ्यात सापडली, दारूगोळा आणि पाणी संपेतो लढली आणि शेवटी शरण गेली. चोंबेशी बोलणी करायला निघालेल्या हॅमरशोल्डचं विमान १७ सप्टेंबरच्या रात्री न्डोलाजवळ कोसळलं.

"आपलं सैन्य होतं तिथं!" बापू ताठ बसले. "कॅप्टन सलारिया! परमवीर चक्र! त्याच डिसेंबरात, त्याच गावात! मूळ मुद्दा असा, की आपले गुरखे जेव्हा खुकरी काढतात..."

"बापू, तुमची एनसीसी अर्ध्यात सुटली, ते सांगा की," अण्णा म्हणाले.

"गुडघ्यामुळं सुटली! डॉक्टरचं सर्टिफिकेट आहे!"

"पहाटे पाचच्या परेडमुळं सुटली. मी तुमच्याच खोलीत झोपायला हुतो."

त्या गुडघ्यावर दहा मिनिटं गेली. शैलाताईंनी ती जाऊ दिली. मग म्हणाल्या, "त्याचा दोष होता की वरच्यांचा, हा वाद अजून मिटलेला नाही. पण पुढं बघा. डिसेंबरात राजीनामा दिला, आणि वर्षाच्या आत पुस्तक काढलं, 'टू कटांगा अँड बॅक'. ब्रिटन-फ्रान्सनं आत काय केलं, राष्ट्रसंघानं काय झाकलं, कुणी कुठला हुकूम दिला, सगळं नावानिशी. सरकारी नोकरानं तोंड उघडायचं नसतं, यानं उघडलं. मग घानाच्या विद्यापीठाचा कुलगुरू झाला. तिथले राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा, त्यांनीच बोलावला होता. प्राध्यापकांवर पक्षाचा हात पडायला लागला तसा त्यांच्यासमोरच उभा राहिला. मग न्यूयॉर्क. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध रस्त्यावर बसला आणि पोलिसाची लाथ खाल्ली. लंडनच्या 'एन्काउंटर' मासिकाच्या मागं अमेरिकेची सत्ता आहे, असं १९६६ला बोलला. मासिकानं त्याच्यावरच चिखल उडवला. यानं डब्लिनमध्ये दावा लावला आणि त्यांना माफी मागायला लावली. पुढच्या वर्षी सीआयएचे पैसे उघड झाले."

"डब्लिनमध्ये लावला?" मकरंदच्या डोळ्यात चमक आली. "मासिक लंडनचं, आणि दावा डब्लिनला. हुशार आहे हो."

"आता आवडला?"

"वकील म्हणून आवडला."

"मग आता ऐका बापू, तुमचा नंबर आला." शैलाताईंनी पदर खोचला. "१९६९ला मजूर पक्षाकडून निवडून आला, १९७३ला मंत्री झाला. टपाल आणि तार खातं. पत्रं, फोन, आणि रेडिओ-टीव्ही."

"आयला, म्हंजे टेलिफोनची वेटिंग लिस्ट त्याच्याच टाळक्यावर," अण्णा म्हणाले. आणि ते खरंच होतं. त्या काळात आयर्लंडमध्येही फोन मिळायला माणसं खेटे घालत होती.

"आमचा फोन आठ वर्षांनी आला," बापूंनी सांगितलं. "मी पेढे वाटले होते."

"मला न्हाई मिळाला पेढा."

"तुम्ही तेव्हा माझ्याशी बोलत नव्हता!"

"त्याचं कारण सांगू का सगळ्यांसमोर?"

"नको," शैलाताई म्हणाल्या. "नंतर सांगा, मला लागणार आहे ते. तर कलम ३१. प्रसारण कायद्यातलं. मंत्री हुकूम काढू शकतो, की अमुक गोष्ट रेडिओ-टीव्हीवर दाखवायची नाही."

"ते कलम त्यानं आणलं नव्हतं," सुहासनं मान वर केली. कट्ट्यावरचा सगळ्यात न्यायी माणूस सुहास. "कायदा १९६०चा, पहिला हुकूम १९७१चा, आधीच्या सरकारचा. १९७२ला तर आयआरएच्या, म्हणजे इंग्रजांशी बंदुकीनं लढणाऱ्या संघटनेच्या, पुढाऱ्याची मुलाखत घेतली म्हणून प्रसारण मंडळच्या मंडळ बरखास्त केलं होतं. उलट ओब्रायननं १९७६ला कायदा बदलला आणि मंडळाला असं एका फटक्यात हाकलता येणार नाही अशी सोय केली."

"केली. आणि त्याच साली हुकुमात शिन फेनचं, आयआरएच्या बाजूच्या पक्षाचं, नाव घातलं. शिन फेन कायदेशीर पक्ष होता, निवडणुका लढवत होता. त्यांच्या माणसाला मतं मागता येत होती, पण रेडिओवर बोलता येत नव्हतं."

"बरोबरच आहे!" बापू म्हणाले. "पक्ष एक तोंड, बंदूक दुसरं तोंड. माइकवर बोलून पोरं भरती करणार. आणि मेलेल्यांचं काय ओ? त्यांच्या बायकांनी घरात बसून त्याच लोकांची भाषणं ऐकायची?"

हे बापू पहिल्यांदाच तळमळून बोलले, आणि शैलाताईंनी त्यांना तसंच उत्तर दिलं. "बापू, हा प्रश्न खरा आहे. ओब्रायनलाही तोच खात होता. डब्लिन आणि मोनाहनमध्ये १९७४च्या मे महिन्यात एका संध्याकाळी बाँब फुटले, तीसच्या वर माणसं गेली, आणि ते बाँब आयआरएचे नव्हते, इंग्लंडवाद्यांचे होते. त्याला भीती होती की हे असंच वाढलं तर अख्खं बेट पेटेल. त्याच्या भीतीला मी हसणार नाही. पण बंदीचं पुढं काय झालं ते बघा. १९९०मध्ये डब्लिनमध्ये एका केक बनवणाऱ्या कारखान्यात संप झाला. कामगारांनी बोलायला एक माणूस निवडला. तो शिन फेनचा सदस्य निघाला. झालं! रेडिओनं त्याचं बोलणं लावलं नाही. विषय काय? कारखान्यातला संप. त्याला कोर्टात जावं लागलं. हायकोर्टानं १९९२ला सांगितलं की कायद्याचा अर्थ एवढा ताणायचा नव्हता, पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टानंही तेच म्हटलं. तोवर सोळा-सतरा वर्षं रेडिओवरच्या माणसांना सवय लागली होती. हुकूम एका ओळीचा असतो. त्याच्या पलीकडची दहा पावलं घाबरलेली माणसं आपणहून चालतात."

कट्ट्यावर थोडा वेळ नुसता रहदारीचा आवाज होता.

"आणि तो ड्रॉवर," त्या म्हणाल्या. "मला त्या ड्रॉवरचा राग आहे. १९७६चा उन्हाळा. ब्रिटनच्या राजदूताला डब्लिनजवळ सुरुंगानं उडवलेलं. सरकारनं आणीबाणीच्या अधिकारांचा कायदा आणला. वॉशिंग्टन पोस्टचा वार्ताहर नॉसिटर मंत्र्याला भेटायला गेला. बोलता बोलता ओब्रायननं ड्रॉवर उघडला आणि कात्रणांचा गठ्ठा बाहेर काढला. कसली कात्रणं? 'आयरिश प्रेस' या दैनिकात छापून आलेली वाचकांची पत्रं! आयआरएबद्दल बरं बोलणारी. हा कायदा मी कुणावर वापरेन, तर ही पत्रं छापणाऱ्या संपादकावर, असा सूर होता. नॉसिटर तिथून निघाला आणि सरळ त्या संपादकाला, टिम पॅट कूगनला, जाऊन सावध केलं. कूगननं दुसरं काही केलं नाही, सगळं छापून टाकलं. ज्या माणसानं घानात राष्ट्राध्यक्षाला तोंडावर नाही म्हटलं, 'एन्काउंटर'ला कोर्टात खेचलं, तो माणूस वाचकांची पत्रं कापून ड्रॉवरमध्ये ठेवत होता. वाचकांची पत्रं, बापू!"

"माझंपण पत्र ड्रॉवरमधीच हाय," अण्णा शांतपणे म्हणाले.

आणि मग ते निघालंच. सोसायटीची पाण्याची टाकी गळत होती तेव्हा बापू सेक्रेटरी होते. अण्णांचा छापखाना तेव्हा चालू होता. त्यांनी मोठ्या टाइपात, चांगल्या कागदावर टाकीच्या खर्चाचा हिशेब मागणारं पत्रक छापून नोटीस बोर्डावर लावलं. सकाळी लावलं, दुपारी गायब. अण्णांनी परत लावलं. मग बोर्डाला काचेचं दार आलं, दाराला कुलूप आलं, आणि किल्ली बापूंच्या जानव्याला.

"सभासदांमध्ये अशांतता पसरत होती!" बापू उठूनच उभे राहिले. "मूळ मुद्दा असा, की पाटलांच्या वहिनी रडत आल्या माझ्याकडं, टाकी कोसळणार का विचारत. मी शांततेसाठी काढलं ते."

"मग टाकीचं काय झालं?" मकरंदनं विचारलं.

"कोसळली न्हाई," अण्णा म्हणाले. "पण पुढल्या पावसाळ्यात जिन्यातनं धबधबा वाहत हुता. आन् पत्रक कुठं हाय, बापू?"

बापू बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आहे घरी. कागद चांगला होता. टाकवला नाही."

शैलाताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. सुहासनं पाणी दिलं.

अण्णांना बोलायला सोडलं की ते कराडला जातात, हे आम्हाला पाठ आहे. पण त्या दिवशी ते ऐकायला मला बरं वाटलं, कारण साल जवळपास तेच होतं. डिसेंबर १९७५चं साहित्य संमेलन. अण्णा तेव्हा विशीत, सायकलनं गेले होते. "दुर्गाबाई अध्यक्ष. यशवंतराव समोर बसल्याले. दिल्लीत त्यांचं सरकार, आन् आणीबाणी चालू. बाईंनी जयप्रकाशांसाठी सगळ्यांना उभं केलं, प्रार्थना करूया म्हणाल्या. माझ्या बाजूचा माणूस थरथरत हुता. पर उठला. पुढं बाईंना तुरुंगात घातलं. आता मला सांगा, शैलाताई, ती बाई लेखक, आन् त्यो ओब्रायनपण लेखक. मग लेखक मंत्री झाला की त्याचं काय हुतं?"

"दोघांची तुलना करायला नको अण्णा. तिथं निवडणुका चालू होत्या, लोकांनी १९७७ला त्याला घरी बसवलं."

"कसं बसवलं ते सांगा," सुहासला आठवलं. "त्याच्याच सरकारातल्या मंत्र्यानं मतदारसंघ असे कापले होते, की आघाडीच जिंकली पाहिजे. मतं फिरली आणि तीच कात्री यांच्यावर चालली. विरोधकांना १४८ पैकी ८४ जागा!"

यावर बापू सोडून सगळे खूश झाले.

"पण अण्णा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला येतं तसं देते," शैलाताई म्हणाल्या. "याला शब्दांची ताकद कळत होती. गाण्यानं पोरं मरतात, हे त्याच्याइतकं त्याच्या देशात कुणालाच दिसलं नसेल. पण आपल्याला दिसतं म्हणजे दुसऱ्यानं काय ऐकायचं ते आपणच ठरवावं, इथं तो घसरला. आणि मंत्रिपद गेलं तरी ते गेलं नाही. लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' या पत्राचा मुख्य संपादक झाला. तिथं मेरी हॉलंड होती. उत्तर आयर्लंडबद्दल तिच्याइतकं जवळून लिहिणारी बातमीदार लंडनच्या पत्रांत क्वचितच कुणी असेल. तिनं उत्तर आयर्लंडमधल्या डेरी गावातल्या एका गरीब बाईवर लेख लिहिला. घरचा मुलगा आयआरएत कसा गेला, बाई स्वतः कशी बदलत गेली, असं सगळं. यानं तिला पत्र लिहिलं की अशा घरांत हिंसेची वृत्ती बहुतेक आईकडून पोरांत येते, आणि तुझा लेख छापला ही आमची चूक. हॉलंडला तिथून जावं लागलं. हॅना शीही-स्केफिंग्टनचा भाचा हा! तोच आयांबद्दल असं लिहितो."

त्या नुसत्या चिडल्या नव्हत्या. त्यांना वाईट वाटत होतं, आणि मलाही वाटतं. ओब्रायन नुसता हुकूमशहा असता तर त्याच्यावर कुणी एवढा वेळ घालवला नसता.

"पण बंदीमुळंच शेवटी ते लोक वठणीवर आले," बापूंनी एक शेवटचा प्रयत्न केला.

"तारखा बघा. बंदी उठली जानेवारी १९९४ला. आयआरएनं शस्त्रं थांबवली त्याच वर्षी ३१ ऑगस्टला. बंदी उठली म्हणूनच थांबवली, असं मी म्हणणार नाही. उत्तर आयर्लंडमधला पुढारी जॉन ह्यूम कित्येक वर्षं शिन फेनच्या ॲडम्सशी बोलत होता, शिव्या खाऊन बोलत होता. आणि त्या शिव्या देणाऱ्यांत ओब्रायन सगळ्यात पुढं. आणि बंदी उठू दिली कुणी? मंत्री मायकल डी. हिगिन्सनं. तोही मजूर पक्षाचा. तोही लेखक, कवी. म्हणजे अण्णा, लेखक मंत्री झाला की काय होतं, याला एकच उत्तर नाही. हिगिन्स पुढं १४ वर्षं देशाचा राष्ट्राध्यक्ष होता."

"आणि आमचा कणखर?" मकरंदनं बापूंकडं बघून विचारलं.

"तुमचा कणखर १९९८च्या शांतता कराराच्या विरोधात उभा राहिला. इंग्लंडवाद्यांच्या पक्षात होता ना? तिथंही टिकला नाही. त्याच वर्षी आत्मचरित्रात लिहिलं की शिन फेनला मागं रेटायचं तर इंग्लंडवाद्यांनी आयर्लंड एक व्हायचाही विचार करावा. पक्षाची भंबेरी उडाली, याला बाहेर पडावं लागलं."

"म्हणजे शेवटी माझ्याच बाजूला आला की!" मकरंद टाळी मागत सुटला. टाळी कुणी दिली नाही.

"कुणाच्याच बाजूला राहिला नाही तो. डिसेंबर २००८ला गेला, ९१ वर्षांचा होऊन. पण जायच्या आधी एक मोठं काम करून गेला. १९९२चं, एडमंड बर्कवरचं."

"वॉरन हेस्टिंग्जवर खटला भरणारा?"

"तोच. डब्लिनचा. बर्कनं लावलेल्या आरोपांत एक कलम मराठ्यांशी केलेल्या युद्धाबद्दल होतं. १७८८ ते १७९५ खटला चालला, हेस्टिंग्ज सुटला. पण ज्यांचा आवाज लंडनला कधीच पोचला नसता, त्यांच्यासाठी बर्क वर्षानुवर्षं बोलला. ओब्रायनला हे फार आवडलं होतं. म्हणून तर मी त्याच्यावर इतकी चिडते. जो बर्कवर असं पुस्तक लिहितो, त्यानं दाराशी उभ्या असलेल्या माणसाचा माइक कसा काढून घेतला?"

यावर कुणी बोललं नाही. मग त्याच म्हणाल्या, "बर्ककडं आपला माणूस राहून आलाय, माहितीय का? १७८१ला. रघुनाथरावानं मदत मागायला लंडनला वकील पाठवले होते. हणमंतराव म्हणून ब्राह्मण, बरोबर मणियार रतनजी पारशी. तिथं त्यांचे फार हाल झाले. बर्कला कळलं तसा तो त्यांना बीकन्सफील्डला आपल्या घरी घेऊन गेला. हणमंतरावाला सोवळ्यात स्वयंपाक करायचा होता. बर्कनं त्याला बागेतलं काचघर दिलं."

"राघोबाचा माणूस?" बापू एकदम जिवंत झाले. "म्हणजे 'ध' चा 'मा' करणाऱ्यांचा? आणि त्याला काचघर?"

"'मा' केला तो आनंदीबाईंनी, असं सांगतात. हणमंतरावाचा काय संबंध त्यात?"

"पण काचघरात चूल कशी पेटवली आसंल?" अण्णांना वेगळीच काळजी. "धूर जायला जागा न्हाई. फोडणी दिली तर आतली सगळी रोपं खोकतील."

"आमसूल कुठून आणलं असेल?" सुहास.

"जहाजातनं नेलं असणार. राघोबाचा वकील होता, मोकळा जाईल का?"

"आमसूल नसेल तर चिंच."

"चिंच घातलेली आमटी कोकणस्थ खात नाही," बापूंनी निकाल दिला.

"हणमंतराव कोकणस्थ होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"राघोबाचा माणूस, म्हणजे असणारच!"

"मी म्हणतो," मकरंद म्हणाला, "बर्क बाहेर काचेला नाक लावून उभा असणार. आत यायची सोय नाही, सोवळं मोडेल. आणि आत कांदा-लसणाशिवायची आमटी."

"त्या वासानंच सात वर्षं खटला चालवला त्यानं," अण्णा म्हणाले, आणि शैलाताईंनी हसता हसता कट्ट्यावर हात आपटला. बापू एकटेच गंभीर होते, आमसुलावर अडून बसले होते, आणि उद्या घरी आमटी करून आणतो, दोन्ही प्रकारची, चाखून सांगा, म्हणत होते.